लाटसाहेबी पाणी

६ मार्च

दादा,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. ती विचारली असं समज. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ठीक म्हणजे बाबा आणि मी वेळेवर जेवतो आणि एकमेकांच्या वाटेला जात नाही.

आधी कामाचं लिहिते, कारण तू पत्र शेवटपर्यंत वाचशील याची खात्री नाही. बाबांनी हॅचरी बंद करायचं ठरवलं आहे. एप्रिलमध्ये कालवं अंडी सोडतील तेव्हा शेवटची एक टाकी भरायची. त्यातली पिल्लं जगली तर पुढचं बघू. नाही जगली तर टाक्या, पंप, शेड आणि मागचं घर, सगळं एकदम विकायचं. हे त्यांनी मला जेवताना सांगितलं, मीठ दे म्हणावं त्या आवाजात. मी बरं म्हटलं. मग त्यांनी खरंच मीठ मागितलं.

तेव्हा तुझ्या वस्तूंचं काय करायचं ते कळव. पंपाच्या खोलीतली लोखंडी खाट आहे, पण तिच्यावर आता मी झोपते. रेडिओ आहे, बॅटरीचं झाकण हरवलंय. गमबूट आहेत, डाव्याचं भोक तसंच आहे. विकायला काढले तर कुणी घेणार नाही आणि टाकून द्यायला माझा हात होत नाही.

तू गेल्यापासून एकदाही बी धरलं नाही. आधी कसं असायचं ते आठवत असेल तुला. अंडी फुटली की दुसऱ्या दिवशी टाकीत उन्हातल्या धुळीसारखी पिल्लं तरंगताना दिसायची, दोन-तीन आठवड्यांनी शिंपल्यांच्या तुकड्यांना चिकटून बसायची, की झालं आपलं बी तयार. मग पलीकडच्या किनाऱ्यावरचे कालववाले पाट्या घेऊन दारात उभे. आता पिल्लं दुसऱ्या दिवशीच खाली बसतात. टाकीचा तळ पीठ सांडल्यासारखा दिसतो. मी ते चाळणीवर घेते, भिंगाखाली बघते आणि गटारात सोडते. पहिल्या खेपेला रडले होते. आता चाळणी धुते आणि चहा ठेवते. लाखो जीव गेलेले असतात आणि मला चहाची तलफ येते. काहीतरी वाटायला हवं हे कळतं मला, पण वाटत नाही.

पाण्यात खोट नाही. मी रोज पहाटे, बाबांच्या नियमाप्रमाणे, गाव उठायच्या आत पंप चालवते. बाबा येऊन खोलीच्या पत्र्याच्या दारावर थाप मारतात, मी उठते. तू होतास तेव्हा थापांनी दाराला पोचे पडले तरी तू उठत नव्हतास. पोचे अजून आहेत.

तू म्हणायचास, बाबा मला पाण्यात पाहतात. मी रोज पाण्यातच पाहते दादा, मला तिथे काही दिसत नाही.

आई गेली त्या दिवसाबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तुझी बस चुकली होती. तू पोचलास तेव्हा आम्ही आईला पोचवून घरी आलो होतो. फाटकात बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "लाटसाहेब आजही उशिराच." तू पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस, आल्या पावली परत गेलास. हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. तुझी बस वळणाआड जाईपर्यंत बाबा फाटकात उभे होते. मग आत आले आणि पंप चालू केला. टाकी आधीच भरलेली होती. पाणी काठावरून वाहून अंगणात आलं, माणसांच्या चपला भिजल्या, पण पंप बंद करायला कुणी उठलं नाही.

बाबांना मी एवढंच सांगितलंय, की तू नदीच्या वरच्या अंगाला एका गोदामात आहेस. कसलं गोदाम ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

खाटेचं कळव.

धाकटी


१८ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचा प्रश्न नाही. खाट माझी झाली असं धरून चालते.

आपल्याकडे एक बाई आल्या आहेत. पाणी तपासणाऱ्या खात्याच्या. किनाऱ्यावरच्या सगळ्याच हॅचऱ्यांमधून पिल्लं मरायच्या तक्रारी गेल्या, तेव्हा कुठे खात्याला जाग आली. बाई बुटक्या आहेत, भराभरा चालतात आणि कुठेही बसतात, ओल्या दोरखंडावर सुद्धा. त्यांनी धक्क्यावरून दांड्यासारखं एक यंत्र पाण्यात सोडलंय. त्याची वायर माझ्या उशाशी आणून एका पेटीला जोडलीय. ती पेटी दिवसरात्र नोंद घेत बसते, पाण्यात प्राणवायू किती, नायट्रेट किती, आंबटपणा किती. तिच्यावर एक हिरवा दिवा लुकलुकतो. पहिल्या दिवशी मला त्याने झोप येईना. आता तो बंद पडला तर झोप लागणार नाही अशी सवय झालीय. मला कशाचीही सवय होते.

बाबांनी बाईंना पहाटेचं पाणी भरताना मुद्दाम बोलावलं. अंग ताठ करून उभे होते. तू असतास तर हसला असतास.

"बघा," ते म्हणाले. "आरसा आहे. वारा नाही, लाट नाही, कुणी ढवळलेलं नाही. माझे वडील याच वेळी भरायचे."

"छान दिसतंय," बाई म्हणाल्या.

"दिसतंय नाही. आहे."

बाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी बाटली बुडवली, बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली. मी टाकी घासत होते. पहाटेच्या पाण्याने हात कोपरापर्यंत बधिर होतात, ते तुला काय माहीत असणार. मी बाईंना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, हातमोजे घाला. इतकं सोपं उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

दुपारी त्यांनी मला धक्क्यावर बसवून खाडीचं सांगितलं. पाणी हिरवं का असतं ते विचारलं होतं मी. त्या म्हणाल्या, वरच्या शेतांना खत गरजेपेक्षा जास्त पडतं. पिकाला हवं तेवढं पीक घेतं, उरलेलं पाण्याबरोबर नदीत आणि नदीतून इथे. त्यात वाटेतल्या गावांचं सांडपाणी. खत पाण्यात पडलं तरी खतच असतं, ते इथे शेवाळ पिकवतं. शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतं. तो संपला की तळाचे जंतू नायट्रेटवरच श्वास काढतात म्हणे.

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीच्यांना ते जमत नाही," त्या म्हणाल्या.

तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. खताची पोती तूच ट्रकमध्ये चढवून देतोस. मी तुला बोल लावत नाही. तू तिथे नसतास तरी दुसऱ्या कुणी चढवलीच असती, आणि शेतकऱ्याला पीक हवंच असतं. पण बाई बोलत होत्या तेव्हा बाबा शेजारीच दोर सोडवत बसले होते, म्हणून मी घाईघाईने विषय बदलला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांना कळलं असावं. त्यांचा तो पेशाच आहे.

गमबूट पावसाळ्याआधी कुणाला तरी देऊन टाकते.

धाकटी


३० मार्च

दादा,

या पत्रात तुझ्याबद्दल बरं लिहायचं आहे, तेव्हा नीट बसून वाच.

बाईंनी त्या पेटीतून कागद काढला. त्यावर एक रेघ आहे. रोज वर जाते, रोज खाली येते, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. बाईंनी कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि रेघ जिथे सगळ्यात खाली जाते तिथे बोट ठेवलं.

"ही पहाट," त्या म्हणाल्या. "तुमची पाणी भरायची वेळ."

बाबा म्हणाले, "मग?"

"पाणी सगळ्यात आंबट असतं तेव्हा तुम्ही भरता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. रात्रभर खाडीतलं सगळं जिवंत श्वास सोडत असतं आणि तळाचं कुजत असतं. त्यातून धुरातलाच वायू निघतो आणि पाण्यात विरघळून पाणी आंबट करतो. दिवसा ऊन पडलं की ते हिरवं शेवाळ तो वायू खाऊन टाकतं. रात्री ऊन नाही, म्हणून तो साठत जातो आणि पहाटेला टोक गाठतो. पाणी आरशासारखं असतं, दिसायला निर्मळ, पण पिल्लाला पहिल्या दोन दिवसांत कवच घडवायचं असतं आणि तसल्या पाण्यात ते घडत नाही. घडवता घडवता त्याच्या अंगातली ताकद संपते आणि ते खाली बसतं. दुपारी तेच पाणी हिरवं, गढूळ, आणि पिल्लांना मानवणारं.

बाबांनी कागद स्वतःकडे ओढून पाहिला. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी जन्मभर पहाटे भरून बी विकलं. ते काय खोटं होतं?"

"खोटं नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा पहाटेचंही चालत असणार. तेव्हा समुद्राकडे एवढा आंबटपणा पचवायची सवड होती. आता आपण सगळे मिळून जेवढा धूर सोडतो, गाड्यांचा, कारखान्यांचा, विजेचा, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा समुद्र गिळतो. गिळून गिळून तो मुळातच आंबटाकडे झुकलाय. त्यात तुमच्याकडे ही नदी. आता पहाटेपुरतीही सवड उरली नाही."

"म्हणजे समुद्राला पित्त झालंय."

"तसंच म्हणा."

"मग सोडा द्या की त्याला."

"देतात," बाई म्हणाल्या. "दुसरीकडे पुष्कळ हॅचऱ्यांमध्ये टाकीत सोडा घालतात."

बाबांना वाटलं बाई आपली थट्टा करतायत. ते स्वतः रोज जेवल्यावर चमचाभर सोडा घेतात, आणि तो डबा तिथेच टेबलावर होता. त्यांनी डबा उचलून कपाटात ठेवला.

"आणि पाणी दुपारी भरा," बाई म्हणाल्या.

"दुपारचं पाणी माझ्या टाकीत पडणार नाही," असं म्हणून बाबा उठून गेले. ताट तसंच होतं.

बाईंनी मला विचारलं, माझं काय चुकलं? तेव्हा मला तुझी सगळी कथा सांगावी लागली. की माझा एक भाऊ आहे. रात्री रेडिओ ऐकत जागायचा आणि सकाळी मेल्यासारखा झोपायचा. त्याच्या पाळीच्या आठवड्यात टाकी भरायला दुपार उजाडायची. वारा सुटून खाडीत लाटा उठल्या की हा उठायचा, म्हणून बाबांनी नाव ठेवलं लाटसाहेब. आणि त्याने भरलेलं ते हिरवट गढूळ पाणी म्हणजे लाटसाहेबी पाणी. घरात हा शब्द कुठेही चालायचा. चहा पातळ झाला तरी बाबा म्हणायचे, लाटसाहेबी झालाय. शेवटी एका सकाळी याच्यावरूनच वाजलं आणि भाऊ घर सोडून गेला.

बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "त्याच्या पाळीचं बी जगायचं का हो?"

दादा, मी चमचा खाली ठेवला. पलीकडच्या किनाऱ्यावरची काकू आठवते ना, आपलं बी घ्यायला स्वतः होडी वल्हवत यायची? ती दारातूनच ओरडायची, "थोरल्याच्या पाळीचं असेल तर द्या, नाहीतर मी चालले." आपल्याला वाटायचं तिचा तुझ्यावर जीव आहे. आई तर म्हणायची, हिला मुलगी असती तर सोयरीक जुळवली असती. बाबा म्हणायचे, आंधळ्याचं नशीब. इतकी वर्षं ती हे बोलत होती आणि इतकी वर्षं आपण त्यावर हसत होतो.

तू जिंकलास असं समजू नकोस. तू काही पाणी ओळखून दुपारी भरत नव्हतास, तू झोपला होतास. मी तुझी बाजू घेत नाही. तुझ्यासारखा आळशी माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण पिल्लं जगायची ती तुझीच, एवढं खरं आहे. तू गेलास आणि पहाट रोज वेळेवर व्हायला लागली.

हे कळल्यावर मला हसू यायला हवं होतं की रडू, ते ठरवत बसले. दोन्ही आलं नाही. भांडी घासली.

धाकटी


११ एप्रिल

दादा,

शेवटची टाकी भरली. कशी भरली ते लिहिते.

बाई कामासाठी दुसऱ्या हॅचरीत गेल्या होत्या. घरात बाबा आणि मी दोघंच. तुझ्या वेळची ती मोठी कालवं, आई ज्यांना म्हाताऱ्यांची वसाहत म्हणायची, त्यातली थोडीच उरली आहेत. ती आदल्या दिवशी काढून घासून ठेवली. पाणी जरा कोमट करत नेलं की ती अंडी सोडतात. त्याआधी टाकी भरलेली हवी. म्हणजे दुसऱ्या दिवशी पाणी घ्यायचं, आणि घेतलं की झालं, पुन्हा संधी नाही. या हंगामात त्यांच्यात दुसऱ्यांदा अंडी सोडायची ताकद नाही.

मी जेवताना म्हटलं, "बाबा, उद्या दुपारी भरू या."

ते म्हणाले, "पाणी पहाटेच भरायचं असतं."

मी आणखी काही बोलले नाही. भांडायला अंगात काहीतरी लागतं. तुझ्याकडे ते होतं. माझ्याकडे असतं तर मी पण एखाद्या गोदामात असते. घर विकलं गेलं तर मी कुठे जाईन याचा विचार करायचा प्रयत्न केला, आणि पुढे काही दिसेना. भीती वाटली असती तरी चाललं असतं. पण पांढरा कागद बघत बसावं तसं झालं. मग दिवा मालवला आणि झोपले.

जाग आली तेव्हा खोलीत ऊन होतं. भिंतीवर, पेटीवर, माझ्या पायांवर. या खोलीत ऊन कुठून येतं हे मला माहीतच नव्हतं, कारण ऊन येतं तेव्हा मी कधी अंथरुणात नसते. आधी वाटलं बाबांना काही झालं. त्याशिवाय दारावर थाप पडली नाही असं कसं होईल. मी तशीच अनवाणी बाहेर पळाले.

बाबा पंपाजवळ बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. पंप बंद. टाकी कोरडी. एक हात पंपाच्या बटणाशी होता, जणू कुणी येऊन ते दाबेल आणि आपण अडवायला हवं. पहाटेपासून तसेच बसले असणार, कारण शर्टाची पाठ दवाने ओली होऊन वाळल्याचा डाग दिसत होता. खाडीत वारा सुटला होता, लाटा उठल्या होत्या, पाणी हिरवंगार.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाली झोप?"

आठवतंय ना तुला? रोज दुपारी तुला हेच विचारायचे, आणि तुझं तोंड उतरायचं. शब्द तेच होते. पण या वेळी खरंच विचारत होते, दादा. माझी झोप झाली का, ते त्यांना हवं होतं.

मी म्हटलं, "झाली."

"भर मग," ते म्हणाले आणि उठून बाजूला झाले.

मी बटण दाबलं. नळातून ते गढूळ पाणी आलं, गाळण्यांमधून गेलं, टाकीत पडायला लागलं. बाबा त्याच्याकडे पाठ करून उभे होते. टाकी अर्धी झाल्यावर म्हणाले, "त्या बाईने सांगितला होता तो सोडा पण घाल. माझ्या डब्यातला घेऊ नकोस."

तेव्हा मला काहीतरी वाटलं. काय ते सांगता येणार नाही. हात खूप वेळ गार पाण्यात असले आणि मग बाहेर काढले की आधी दुखायला लागतात, तसं होतं थोडं. बरं वाटत नव्हतं, पण वाटत होतं.

पिल्लं जगतात की नाही ते पुढच्या पत्रात. हे पत्र बाबा टाकतो म्हणाले, त्यांना औषध आणायला पोस्टाकडेच जायचं आहे. पाकीट बंद करून देते.

धाकटी


२६ एप्रिल

दादा,

जगली.

सगळी नाहीत. निम्म्याहून जास्त बसली खाली, ती मी नेहमीसारखी चाळणीवर घेतली आणि सोडली. पण दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहिलं तर उरलेल्यांना कवच होतं. अर्ध्या बटणासारखं, सरळ कड असलेलं, जसं असायला हवं तसं. मी बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, भिंगाला डोळा लावला आणि इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं त्यांना दिसत नाहीये. मग सरळ झाले आणि म्हणाले, "लाटसाहेबी आहेत."

परवापासून ती तुकड्यांना चिकटायला लागली आहेत. काकूला निरोप गेलाय. टाक्या विकायचं बाबा सध्या बोलत नाहीत. बाई येऊन बघून गेल्या, त्यांना आनंद झाला, पण त्यांनी साखर पेरली नाही. म्हणाल्या, दुपारचं पाणी आणि सोडा, याच्यावर काही वर्षं निघतील. धूर असाच राहिला आणि नदी असंच आणत राहिली तर एक दिवस दुपारही पहाटेसारखी होईल. मी म्हटलं, तोवर तर चालेल. त्या म्हणाल्या, तोवर चालेल. मला त्यांचं हे आवडतं, त्या उगीच धीर देत नाहीत.

आता जे लिहिते ते माझ्या हातून घडलं, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागचं पत्र मी बाबांच्या हातात दिलं. बंद करून दिलं, कारण आत काय होतं ते तुला माहीत आहे. आतलं लपवण्यात मी एवढी गुंतले होते, की बाहेर तुझा पत्ता मीच माझ्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहिलाय हे ध्यानातच आलं नाही. अमुक खत भांडार, घाऊक विक्री.

बाबा औषध घेऊन परत आले. पिशवी टेबलावर ठेवली. पाणी प्याले. मग विचारलं, "खत म्हणजे ते पांढरं, दाणेदार? बाई सांगत होती ते?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला सुचलंच नाही.

"इथे येतं ते?"

"सगळं त्याचंच नाही, बाबा. वर खूप दुकानं आहेत. शिवाय गावांचं सांडपाणी असतं."

"पण त्याचंही असतं."

"त्याचंही असतं."

मला वाटलं आता तुझा उद्धार होणार. मी तयारीने उभी राहिले. बाबा खिडकीशी गेले. तिथून खाडीचं तोंड दिसतं, जिथे नदी येऊन मिळते आणि पाण्याचा रंग बदलतो. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तो काहीतरी पाठवतच होता."

दादा, ते चिडले नव्हते. तुला वाटेल मी लोणी लावतेय. मी कधी लावलंय का तुला? ते असं म्हणाले जसं एखाद्या माणसाला कळावं की टपाल येत होतं, आपणच पेटी उघडली नव्हती. आणि मग ते रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते. मी शेजारी उभी होते. खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, म्हणून ठेवला.

रात्री जेवताना त्यांनी मला बरंच विचारलं. तिथे झोपायला जागा कशी आहे, पोती उचलून पाठ दुखते का, खताची धूळ छातीत जाते का. मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. तू कधी उत्तर दिलं असतंस तर सांगितलं असतं. एक त्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय, की वरचे लोक शेताला किती खत टाकतात आणि त्यातलं किती खरंच लागतं. हे तू गिऱ्हाइकांना विचारू शकशील का ते मला माहीत नाही. बहुतेक मालक तुला हाकलेल.

खाट परत देणार नाही हे आधीच सांगते. पण दुसरी आणता येईल. गमबूट कुणाला दिले नाहीत. डाव्याचं भोक बाबांनी काल बुजवलं, ट्यूबचा तुकडा चिकटवून. का बुजवलं ते मी विचारलं नाही.

मी पत्र लिहितेय हे पाहून ते दोनदा दारापर्यंत येऊन गेले. आता तिसऱ्यांदा आलेत आणि उभे आहेत. मी विचारलं, काही लिहायचंय का तुमच्यातर्फे? तर म्हणाले, मला काय लिहायचंय. जायला वळले. मग पाठमोरेच बोलले. ते जसं बोलले तसं लिहिते, माझी एक मात्रा त्यात नाही.

"त्याला म्हणावं, पहाटेची पाळी बंद केली. दुपारच्या पाळीला माणूस हवाय."

धाकटी